जुन्या टायरवरचं घर: सुरुवात कशी कराल

भूकंपाचा हादरा कमी बसावा म्हणून घराच्या पायाशी जुन्या टायरच्या पट्ट्यांचे थर घालायचे, म्हणजे जमीन झटके देते तेव्हा वरचं घर संथ सरकतं: प्रोजेक्टला विषय झकास निवडलास. १९९३च्या भूकंपात किल्लारीत दगडमातीची बैठी घरं कोसळली. ही स्वस्त युक्ती अशाच बुटक्या, ताठ बांधकामांसाठी आहे. कोथरूडचा १२ मजली टॉवर डोक्यातून काढ.

- टायरचा रस्त्याला टेकणारा पट्टाच काप, तोही रेडियल टायरचा, म्हणजे पट्ट्यात पोलादी तारांचे थर असलेल्या टायरचा. आतल्या पोलादी तारा रबराला वजनाखाली बाहेर फुगू देत नाहीत. नवखे इथेच चुकतात, नुसतं मऊ रबर घेतात.
- घर सरकणार, म्हणून भोवती मोकळी फट हवी. पायऱ्या नि पाइप जखडलेस तर सगळं फुकट!
- खाली खोल, मऊ काळी माती? जागा बदल. तशी जमीन मुळातच संथ हलते, टायरवरचं घरही संथच, दोघांची लय जुळली की हे अंगाशी येतं.

पट्ट्यांऐवजी पायाखाली वाळू-रबराचं मिश्रण घालायचा पर्याय नंतर बघू. आधी कॉलेजच्या शेक टेबलवर (भूकंपासारखं हलणारं टेबल) छोटं मॉडेल हलव. खऱ्या घराखाली मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय काही घालायचं नाही.