‘घातलं असतं तर…’

“मराठी माध्यमात शिकल्यामुळे इंग्रजीतली ‘इफ’ची वाक्ये मला कधीच जमणार नाहीत का?” नौपाड्यातील माझ्या समुपदेशन कक्षात हा प्रश्न इतक्यांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावेसे वाटले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका तरुणीचा अनुभव येथे सांगते.

ती ठाण्याहून रोज लोकलने ऐरोलीच्या कार्यालयात जात असे. एका बैठकीत ती ‘इफ यू विल सेंड द फाइल, वी विल स्टार्ट टुडे’ असे म्हणाली आणि वरिष्ठांनी सर्वांसमोर तिचे वाक्य दुरुस्त केले. तेव्हापासून बैठकीत ती तोंड उघडेनाशी झाली होती. “मॅडम, आईबाबांनी मला इंग्रजी माध्यमात घातलं असतं तर मी नीट बोलले असते,” असे ती पहिल्याच भेटीत म्हणाली.

तेच वाक्य मी तिला इंग्रजीत लिहायला सांगितले. तिने लिहिले, ‘इफ दे वुड हॅव सेंट मी देअर, आय वुड हॅव स्पोकन वेल.’ पहिल्या भागात ‘हॅड सेंट’ हवे होते. मात्र ही चूक अज्ञानातून झालेली नव्हती. मराठीच्या संकेतार्थी, म्हणजे अट सांगणाऱ्या, वाक्यात ‘घातलं असतं’ ही अट आणि ‘बोलले असते’ हा परिणाम अशी दोन्ही अंगे एकाच साच्यात येतात, आणि तिने तोच साचा प्रामाणिकपणे इंग्रजीत नेला होता. इंग्रजीत ‘वुड’ सहसा परिणामाच्या अंगालाच येते.

शिकवणीत पाठ केलेला ‘इफ’च्या वाक्यांच्या चार प्रकारांचा तक्ता तिला तोंडपाठ होता. बोलताना तो आठवायला वेळ कुठे असतो? म्हणून मी तक्ता बाजूला ठेवून तिच्याच लोकलचे उदाहरण घेतले. ‘साडेआठची लोकल चुकली तर मला उशीर होईल’ या वाक्यातली लोकल अजून चुकलेली नाही, तरीही आपण ‘चुकली’ हे भूतकाळाचे रूप बिनदिक्कत वापरतो. अटीच्या वाक्यात क्रियापदाचे रूप आणि प्रत्यक्ष काळ वेगळे असू शकतात, हे मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. इंग्रजी तिथे वर्तमानाचे रूप घेते, ‘इफ आय मिस द ट्रेन, आय विल बी लेट’, आणि भविष्य दुसऱ्या अंगावर सोपवते. बैठकीतल्या वाक्यात ‘इफ यू सेंड’ का हवे होते, ते तिला इथे उमगले. (समोरच्याच्या तयारीबद्दल नम्रपणे विचारताना ‘इफ यू विल’ही चालते, पण ते पुढचे.)

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तिथे आम्ही दोन भेटी घालवल्या. ‘माझ्याकडे पैसे असते तर मी घर घेतलं असतं’ हे वाक्य आजच्या परिस्थितीबद्दल आहे की दहा वर्षांपूर्वीच्या? मराठीत दोन्ही अर्थ निघतात. संदर्भावरून आपण ओळखतो. इंग्रजीला मात्र निवड करावी लागते. आज पैसे नाहीत, तर ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ हाउस’. तेव्हा नव्हते, तर ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ हाउस’. म्हणून वाक्य जुळवण्याआधी ‘गोष्ट आजची की तेव्हाची?’ एवढेच स्वतःला विचारायचे, असे आम्ही ठरवले.

मग आम्ही तिच्या पहिल्या वाक्याकडे परतलो. “अट तेव्हाची आहे, पण अडखळणं आजचं आहे,” असे तीच म्हणाली आणि तिने नव्याने लिहिले, ‘इफ दे हॅड सेंट मी देअर, आय वुड स्पीक वेल नाउ.’ वाक्य अचूक होते. मी तिला एवढेच सांगितले की, अशा वाक्याचे व्याकरण अट घडली नाही हे दाखवते. परिणाम खरोखर तसाच झाला असता की नाही, हे ते सांगू शकत नाही. “इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलंही तुमच्यासारखीच याच खुर्चीत बसून हीच चूक करतात,” असेही मी म्हणाले. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

चौथ्या भेटीत तिने सांगितले की, बैठकीत तिच्या तोंडून पुन्हा ‘इफ यू विल’ निघाले, ती क्षणभर थांबली, ‘इफ यू सेंड’ म्हणाली आणि पुढचे बोलणे तिने पूर्ण केले.