पाऊस लागला की झोप उडते

प्रश्न : २०१९ च्या महापुरात सांगलीतलं आमचं घर पाण्यात गेलं. अजूनही जोराचा पाऊस लागला की छातीत धडधडतं, रात्रभर मोबाईलवर कृष्णेची पातळी बघत बसते. मन घट्ट कसं करू?

उत्तर : ताई, हा तुमचा दुबळेपणा नाही. शरीरानं पावसाच्या आवाजाची धोक्याशी गाठ बांधलीय. सारखी पातळी बघितल्यानं घडीभर बरं वाटतं, पण पुन्हा बघायची ओढ वाढते. सकाळी ७ आणि रात्री ८, एवढंच बघा. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांची इशारा पातळी गाठली, तरच जास्त वेळा. धोका पातळी ४५ फूट. तुमच्या गल्लीत किती फुटांना पाणी शिरतं ते जुन्या शेजाऱ्यांना विचारा, त्याच्या पाच फूट आधीचा आकडा घ्या. त्या आकड्याला काय उचलायचं, कुणाकडे जायचं, ते आजच भिंतीवर लिहा. मग मनाला रात्री पहारा द्यावा लागत नाही.

श्वास ४ आकडे मोजत आत, ६ मोजत बाहेर, रोज ५ मिनिटं. घाबरल्यावरच करायला गेलं तर साधत नाही, म्हणून उन्हाळ्यापासून सुरुवात करा. चक्कर आली तर श्वास फार खोल जातोय.

पुराची स्वप्नं, दचकणं महिन्याहून जास्त टिकलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.