पट्टेरी मण्यारीपासून कोर्टापर्यंत: डॉ. लालजी सिंग यांच्याविषयी तुमचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात रेणवीय जीवशास्त्रज्ञ डॉ. लालजी सिंग यांच्यावर लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. काही त्यांच्या आयुष्याबद्दल होती, तर काहींमध्ये वाचकांनी स्वतःच्या घरातल्या अडचणी मांडल्या होत्या. त्यांतल्या पाच प्रश्नांना आज उत्तरं देतो.

प्रश्न: आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की डीएनए फिंगरप्रिंटिंगचा शोध लालजी सिंग यांनीच लावला आणि श्रेय इंग्रजांनी लाटलं. मुलाच्या पुस्तकात मात्र ॲलेक जेफ्रीज यांचं नाव आहे. खरं काय? (नागपूर)

पुस्तक बरोबर आहे. डीएनए फिंगरप्रिंटिंग म्हणजे डीएनएतल्या फरकांवरून माणूस ओळखण्याचं तंत्र. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्रीज यांना हा शोध सप्टेंबर 1984 मध्ये लेस्टर विद्यापीठात लागला आणि पुढच्या वर्षी तो प्रसिद्ध झाला. त्या काळात सिंग एडिंबरा विद्यापीठात काम करत होते. तिथे ते 1974 साली गेले होते. 1987 मध्ये ते हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजीत, म्हणजे सीसीएमबीत आले आणि वर्षभरात त्यांनी स्वतःच्या ‘प्रोब’ने माणसांचे डीएनए ठसे काढून दाखवले. प्रोब म्हणजे डीएनएच्या ढिगाऱ्यातून नेमके हवे ते तुकडे हुडकून देणारा तुकडा. जेफ्रीज यांच्या प्रोबचे व्यापारी हक्क एका ब्रिटिश कंपनीकडे गेले होते. सिंग यांचा प्रोब त्याहून पूर्ण वेगळा होता, त्यामुळे आपल्याला कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाही. भारतात हे तंत्र उभं करणारे, कोर्टात साक्षीला उभे राहणारे आणि त्यासाठी 1990 च्या दशकात हैदराबादेतच वेगळं केंद्र, सीडीएफडी, सुरू करून देणारे सिंगच. या अर्थाने त्यांना भारतातल्या डीएनए फिंगरप्रिंटिंगचे जनक म्हणतात आणि ते योग्यच आहे. खोटं श्रेय चिकटवलं, की त्यांच्या खऱ्या कामावरच शंका घेतली जाते. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.

प्रश्न: मी बारावीत आहे. लालजी सिंग यांनी सापांवर पीएचडी केली असं तुम्ही लिहिलं होतं. सापांचा आणि गुन्हे तपासाचा काय संबंध? (कराड)

तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला.

बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. रायचौधुरी यांच्या हाताखाली सिंग सापांची गुणसूत्रं बघत होते. 1971 मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. प्रश्न साधा होता: सापांमध्ये नर-मादी कशावरून ठरतं? माणसात एक्स-वाय ही जोडी पुरुषाकडे असते. सापांत उलटं आहे. तिथे मादीकडे झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी गुणसूत्रं असतात. अजगरासारख्या जुन्या कुळांत झेड आणि डब्ल्यू जवळपास सारखीच दिसतात, पण मण्यारीपर्यंत येता येता डब्ल्यू स्पष्ट वेगळं झालेलं असतं. मग या डब्ल्यूमध्ये असं काय साठलंय, हा पुढचा प्रश्न.

एडिंबरात केनेथ जोन्स यांच्यासोबत त्यांनी पट्टेरी मण्यारीच्या मादीचा डीएनए घेतला. पट्टेरी मण्यार म्हणजे अंगावर काळे-पिवळे रुंद पट्टे असलेली. आपल्याकडे ती पूर्व विदर्भात सापडते. घराच्या आसपास दिसणारी साधी मण्यार वेगळी. जड क्षाराच्या द्रावणात हा डीएनए प्रचंड वेगाने फिरवला, की मुख्य थराबाहेर एक छोटा थर वेगळा होतो. या छोट्या थरातल्या डीएनएला त्यांनी नाव दिलं ‘बँडेड क्रेट मायनर’ (बँडेड क्रेट म्हणजे पट्टेरी मण्यार), थोडक्यात ‘बीकेएम’. त्यावरचा निबंध 1980 साली आला. हा डीएनए डब्ल्यूवर दाटीने बसलेला होता. पुढे वाचून पाहिलं तर त्यात जी-ए-टी-ए ही चारच अक्षरं पुन्हा पुन्हा, एखाद्या जपासारखी. असेच तुकडे उंदरांत सापडले, माणसातही सापडले. आणि माणसात ही अक्षरं किती वेळा येतात ते व्यक्तीगणिक बदलतं.

इथे गुन्हे तपासाचा रस्ता उघडला. डीएनए विकरांनी (एन्झाइम्सनी) कापायचा, जेलीच्या पातळ लादीत विजेच्या दाबाने लांबीप्रमाणे सरकवायचा, नायलॉनच्या पडद्यावर उतरवायचा आणि किरणोत्सारी फॉस्फरस लावलेला बीकेएम त्यावर सोडायचा. हाच सिंग यांचा प्रोब. मग पडद्यावर एक्स-रे फिल्म ठेवून सगळं उणे 70 अंशांच्या फ्रीझरमध्ये काही दिवस बंद. त्या काळात मी ही फिल्म स्वतः धुतली आहे. काळोख्या खोलीतल्या लाल दिव्यात ओल्या फिल्मवर एकेक काळी रेघ उमटू लागते आणि शेजारच्या दोन रांगा सारख्या आहेत की नाहीत, हे कळेपर्यंत श्वास रोखलेला असतो. आता हे सगळं यंत्र करतं, पण डीएनए चाचणीच्या आजच्या किटमध्येही मुख्यतः चार-चार अक्षरांचीच आवर्तनं मोजतात आणि त्यांतली काही जी-ए-टी-ए हीच आहेत.

‘सापाचं लिंग कसं ठरतं’ या अभ्यासाला उद्या कुणी निरुपयोगी म्हणालं, तर त्यांना हे सांग.

प्रश्न: वडील वारले, अंत्यसंस्कार झाले. आता एक गृहस्थ ‘मीही त्यांचाच मुलगा’ म्हणून जमिनीत हिस्सा मागतायत. वडिलांचं काहीच शिल्लक नसताना डीएनए चाचणी होऊ शकते का? (सांगली जिल्हा)

होऊ शकते, पण उत्तर किती पक्कं मिळेल हे कोण कोण रक्त द्यायला तयार आहे यावर ठरतं.

1995 चं दिल्लीचं तंदूर प्रकरण आठवत असेल. खून झालेल्या नैना सहानी यांचा देह ओळखू येणार नाही इतका जळाला होता आणि त्यांचा आधीचा कुठलाच नमुना जुळवायला नव्हता. सीसीएमबीने देहातल्या डीएनएची तुलना त्यांच्या आईवडिलांच्या रक्ताशी केली आणि ओळख पटवली. माणूस हाती नसेल तर त्याच्या रक्ताच्या नात्याकडून मागे जायचं.

तुमच्या बाबतीत आजी-आजोबा हयात असतील तर उत्तमच. नसतील तर तुमच्या आई आणि त्या गृहस्थांच्या आई दोघींचे नमुने मिळाले, तर तुलना बरीच भक्कम होते. तुम्ही आणि ते दोघंही पुरुष असाल, तर वाय गुणसूत्राची चाचणी करता येते. वडिलांचं वाय मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं येतं. ते ठळकपणे जुळलं नाही, तर तुम्हा दोघांचे वडील एक नाहीत असं म्हणता येतं. पण जुळलं म्हणून दावा सिद्ध होत नाही, कारण तेच वाय तुमच्या काकांकडे आणि चुलतभावांकडेही असतं. हा फरक वकिलांना आवर्जून सांगा. आणखी एक करा: वडिलांची कधी बायोप्सी झाली होती का, ते आठवा. पॅथॉलॉजी विभागात मेणात घातलेले तुकडे बऱ्याचदा वर्षानुवर्षं जपलेले असतात आणि त्यातून डीएनए निघू शकतो.

कायद्याची बाजू वकीलच सांगतील. एवढंच सांगतो, की वैवाहिक काळात जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, असं कायदा गृहीत धरतो आणि कोर्ट सरसकट डीएनए चाचणीचा आदेश देत नाही. मात्र 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की खात्रीचा डीएनए अहवाल समोर असेल तर गृहीतकापेक्षा तो वरचढ ठरेल. खाजगी लॅबमध्ये परस्पर चाचणी करून घेऊ नका. नमुना कुणी, कधी, कुणासमोर घेतला याची नोंद नसेल, तर त्या कागदाला कोर्टात फारशी किंमत राहत नाही.

प्रश्न: सिंग यांनी भारतीयांच्या वंशावर काम केलं आणि त्याचा आजारांशी संबंध आहे, असं वाचलं. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्नं होतात. त्याबद्दलच ते आहे का? (नाशिक)

नाही. ते त्याहून मोठ्या गोष्टीबद्दल आहे.

2009 मध्ये कुमारसामी थंगराज, लालजी सिंग आणि अमेरिकेतले डेव्हिड राइश यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये एक निबंध लिहिला. 25 समाजगटांतल्या 132 जणांचा डीएनए तपासला होता. निष्कर्ष असा, की आजचे बहुतेक भारतीय दोन प्राचीन पूर्वजगटांच्या मिश्रणातून आले आहेत. ‘शुद्ध’ असं त्यात कुणीच निघालं नाही. आणि त्यानंतर बराच काळ समाजाबाहेर लग्नं झाली नाहीत, म्हणून अनेक गट थोड्याशाच पूर्वजांपासून वाढले. त्या मूठभरांपैकी एकाकडे एखादा दोष लपलेला असेल, तर तो आज हजारो घरांत असू शकतो, नवराबायको नात्यातले नसले तरीही.

आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजाचं उदाहरण घ्या. तिथे काही जणांमध्ये एक विकर कमी असतं आणि भूल देताना वापरतात ते स्नायू सैल करणारं एक औषध त्यांच्या शरीरातून लवकर उतरत नाही. हे ठाऊक असलेला डॉक्टर शस्त्रक्रियेआधी समाज विचारतो, तो यासाठी.

मामेबहिणीशी लग्न केल्यास अशा दोषाच्या दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता आणखी वाढते. घरात एखाद्या मुलाला जन्मजात आजार झालेला असेल, तर पुढचं लग्न ठरवण्याआधी जनुकीय समुपदेशकाला जरूर भेटा.

प्रश्न: मुलगी मराठी माध्यमात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. तिला हेच करायचंय. झेपेल का? (परभणी)

लालजी सिंग यांचा जन्म जौनपूर जिल्ह्यातल्या कलवारी गावचा, 5 जुलै 1947 चा. घर शेतकऱ्याचं, गावच्या शाळेत आठवीपर्यंतच वर्ग, पुढची शाळा काही किलोमीटरवर. तिथून ते सीसीएमबीचे संचालक झाले आणि नंतर ज्या बनारस विद्यापीठात शिकले तिथेच 2011 ते 2014 कुलगुरू होते, एक रुपया पगारावर. मुलीला झेपेल.

बारावीला जीवशास्त्रासोबत गणित सोडू देऊ नका. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा देऊ द्या. नाही जमलं तरी जवळच्या कॉलेजात बीएस्सी करून एमएस्सीनंतर सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या वाटेने संशोधनात जाता येतं. इंग्रजीची भीती असेल तर रोज एक पान इंग्रजी विज्ञान वाचून त्याचा सारांश मराठीत वहीत लिहायला सांगा. वर्षभराची वही झाली की मला पाठवा, मी वाचून उत्तर देईन.