वाचकांचे प्रश्न : फायली जुळवायच्या, तर कोणती भाषा शिकावी?

प्रश्न : चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. ईआरपीमधील (कंपनीच्या कारभाराच्या संगणक प्रणालीतील) साठ्याचा अहवाल, गेटवरील आवक नोंदींची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर) फाइल आणि पुरवठादारांच्या एक्सेल फायली मला रोज हाताने जुळवाव्या लागतात. हे काम स्क्रिप्टकडून करून घ्यायचे आहे. कोणी जावा शिका म्हणतात, कोणी पायथन, तर कोणी पर्ल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून रोज तासभर देऊ शकतो. कृपया मार्गदर्शन करावे.
– एक वाचक

उत्तर : आपण ज्या भाषांची नावे दिली आहेत, त्यांपैकी कोणत्याही भाषेआधी आपण एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधील तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा, शिकावे, असे मी आग्रहाने सांगेन. आपले काम मुळात जुळवणीचे आहे. गेटवर नोंद झाली पण साठ्यात चढली नाही असा माल कोणता, एकच चलन (मालासोबत येणारा कागद) दोनदा आले आहे का, या प्रश्नांची उत्तरे एसक्यूएलमध्ये मोजक्या ओळींत मिळतात. ईआरपीच्या मागे बहुधा एसक्यूएल समजणारा डेटाबेस असतो. त्यातील आवश्यक तक्ते केवळ वाचण्यापुरती परवानगी आपल्या संगणक विभागाकडे मागून पाहावी.

फायली उघडणे, त्या स्वच्छ करणे आणि डेटाबेसमध्ये भरणे यासाठी सोबत पायथन घ्यावे. सीएसव्ही वाचण्याची सोय आणि एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पायथनबरोबरच येतो, त्यामुळे सराव घरीही करता येईल. एक्सेलसाठी पांडाज हा पायथनमधील तयार कोडचा संच (लायब्ररी) उपयोगी पडतो. १९८७ मध्ये आलेली पर्ल मजकुराच्या कामात आजही तरबेज आहे, परंतु आपली बदली झाल्यावर ती स्क्रिप्ट सांभाळणारा माणूस मिळणे अवघड जाईल. जावा मोठ्या प्रणालींसाठी उत्तम, पण एवढ्याशा कामासाठी तिचा पसारा फार होतो. मात्र कंपनीने या कामासाठी एखादे तयार साधन आधीच घेतले असेल, तर त्यात चालणारी भाषाच आधी पाहावी. उदाहरणार्थ, अपाची नायफाय या माहिती इकडून तिकडे नेणाऱ्या साधनात ग्रूव्ही या भाषेत स्क्रिप्ट लिहिता येते.

खरी अडचण येते ती भाषेपेक्षा संकेतांकांत. समजा, एका भागाचा क्रमांक ००४१७ आहे. पांडाज तो आपणहून संख्या समजून ४१७ असा वाचते आणि त्या रकान्यात एखादी जागा रिकामी असली, तर त्याचे ४१७.० होते. ईआरपीत मात्र तो मजकूर म्हणून ००४१७ असाच असतो, म्हणून जुळवणीत तो भाग सापडतच नाही आणि स्क्रिप्ट कोणतीही चूक दाखवत नाही. यासाठी फाइल वाचतानाच हा रकाना मजकूर म्हणून घ्यावा. तारखांचेही तसेच आहे : ०३/०४/२०२४ ही आपल्या लेखी ३ एप्रिल, पण दिवस आधी येतो असे सांगितले नाही, तर पांडाज ती ४ मार्च धरते.

फाइलमध्ये किती ओळी होत्या आणि तक्त्यात किती पोहोचल्या, हेही स्क्रिप्टने दर वेळी ताडून पाहावे. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडबाधितांच्या सुमारे १६ हजार नोंदी मोजणीतून सुटल्याचे उघड झाले, कारण एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. त्या रुग्णांच्या संपर्कातील लोकांचा शोधही त्यामुळे लांबला.

अखेरीस, चलन क्रमांक आणि भाग क्रमांक मिळून तक्त्याची प्राथमिक किल्ली (प्रत्येक ओळ वेगळी ओळखू देणारी खूण, प्रायमरी की) ठरवावी आणि तीच नोंद पुन्हा आली तर नवी ओळ न घालता जुनी अद्ययावत करावी. (एकाच चलनावर तोच भाग दोन ओळींत येत असेल, तर ओळ क्रमांकही किल्लीत घ्यावा.) त्यानंतर एकच फाइल मुद्दाम दोनदा चालवून पाहावी, आवक दुप्पट दिसली, तर ती स्क्रिप्ट अजून रोजच्या कामाला लावू नये.