किती पाठवू, ताई?

मंगलताई पहिल्यांदा आल्या तेव्हा खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. भाऊबीजेच्या दिवशी दुपारी धाकट्या भावाने ५१,००० रुपये पाठवले होते, सोबत एकच शब्द : ‘ओवाळणी’. त्याच्या खाली, अकरा मिनिटांनी, तेवढीच रक्कम उलट पाठवल्याची नोंद.

“परत केली मी,” त्या म्हणाल्या. “भावाची ओवाळणी कुणी परत करतं का हो मॅडम? पण तो आलाच नाही. निरांजनात दोनदा तूप घातलं मी. आणि मग हे आलं.”

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत फार वेळा ऐकू येतो. पैसा आला आणि आपलं माणूस बदललं, आता हे नातं ठेवायचं तरी कशाला? कधी तो प्रश्न मैत्रिणीबद्दल असतो, कधी दिराबद्दल, कधी परदेशी स्थायिक झालेल्या मुलाबद्दल. मंगलताईंच्या आणि त्यांच्या भावाच्या परवानगीने, नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, ही गोष्ट सांगते आहे.

लालबागच्या चाळीतली एक खोली, त्यात आई, वडील, ही दोघं भावंडं. वडील गिरणीत. आई घरातच खाणावळ चालवायची, कोकणातून आलेले दहा-बारा एकटे कामगार दोन वेळ जेवायला असायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. जेवायला येणारे एकेक करून गावी निघून गेले, खाणावळ बंद पडली. मंगलताई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या, सुनील आठ. दहावीनंतर त्यांनी शाळेचं नाव काढलं नाही. साड्यांना फॉल लावणं, ब्लाउज शिवणं, लग्नसराईत पोळ्या लाटायला जाणं. पुढे लग्न होऊन भांडुपला गेल्या. १९९२ मध्ये सुनीलला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा पैसे कमी पडले. त्यांनी सासरी न सांगता हातातल्या पाटल्या मोडल्या.

सुनील शिकला, नोकरीला लागला, मग दोन मित्रांबरोबर स्वतःची कंपनी काढली. सहा वर्षांपूर्वी ती कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. आता तो लोअर परळच्या एका टॉवरमध्ये राहतो, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या. वडिलांची गिरणी तिथून चालत दहा मिनिटांवर होती.

“मला त्याच्या पैशाचं वाईट नाही वाटत,” मंगलताई म्हणाल्या, आणि मला ते खरं वाटलं. त्यांना लागलं होतं ते एक वाक्य. आईच्या वर्षश्राद्धाला गुरुजी कोणते सांगायचे, हे विचारायला त्यांनी फोन केला होता. दोन रिंगमध्ये फोन उचलला गेला आणि पलीकडून आवाज आला, “बोल ताई, किती पाठवू?”

गुरुजींचं विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या भेटीत पाटल्यांचा विषय निघाला. कंपनी विकली गेली त्या वर्षी सुनीलने बहिणीला चार तोळ्यांच्या पाटल्या आणून दिल्या होत्या, मोडल्या होत्या त्यापेक्षा वजनाला जास्त. मंगलताईंनी त्या एकदाही घातल्या नाहीत. बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. “का नाही घातल्या?” मी विचारलं. त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. “पावती वाटली हो मला ती. मिळाले, धन्यवाद, हिशेब पूर्ण.”

त्या दिवशी घरी जाताना मला माझ्या आजीच्या घरची वाटी आठवत होती. शेजारून साखर, दही, विरजण, काहीही वाटीतून आलं तर ती वाटी रिकामी परत जायची नाही. निदान चिमूटभर साखर, दोन लिमलेटच्या गोळ्या. आम्हा मुलांना ते नुसतं वळण वाटायचं. आता कळतं की त्यामुळे कुणाचंच देणं कधी पूर्ण फिटायचं नाही, आणि म्हणून दार वाजत राहायचं. चाळीत हे गरजेपोटी आपोआप होत असे. ज्याच्याकडे सगळं आहे त्याला वाटी घेऊन जायचं कारणच उरत नाही. तो देतो, भरपूर देतो. घेत मात्र नाही. आणि जो घेत नाही, त्याच्या घरी जाताना माणसाला हळूहळू आपण मागायला आलोय असं वाटू लागतं.

पैशाने माणूस बदलतो का, याला माझं उत्तर ‘हो’ असंच आहे. पण बदल मला दिसतो तो या ठिकाणी. उर्मट होणारे, माज करणारेही असतात, त्यांच्याबद्दल लिहायला मला फारसं काही नाही. माझ्याकडे येणाऱ्या घरांत बहुतेक वेळा पैसा आलेला माणूस वाईट झालेला नसतो, त्याचं मागणं थांबलेलं असतं.

मंगलताईंच्या संमतीने मी सुनीलला बोलावलं. तो येईल याची मला खात्री नव्हती. आला, वेळेच्या आधी आला आणि बसल्या बसल्या म्हणाला, “ताईने माझी ओवाळणी परत केली, हे तिने तुम्हाला सांगितलंय का?” त्यालाही तेच ठसठसत होतं.

त्याची बाजू ऐकल्यावर ‘किती पाठवू’चा अर्थ मला वेगळा लागला. पैसे आल्यापासून त्याचा फोन सारखा वाजत होता. आतेभावाला धंद्याला तीन लाख दिले होते, परत आले नाहीत, आणि आता तो आतेभाऊच लग्नकार्यात नजर चुकवतो. एका मामांचं ऑपरेशन. गावच्या देवळाची वर्गणी, जी बाकीच्यांना हजार आणि त्याला पन्नास हजार. “फोन आला की पोटात गोळा येतो. म्हणून मीच आधी विचारून टाकतो. माणसाला मागायला लागू नये म्हणून,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “ताई आल्यागेल्यासमोर सांगते, माझ्या पाटल्या मोडून शिकला. एकदा माझ्या बायकोच्या, स्नेहाच्या आईवडिलांसमोर म्हणाली. मी काय करायचं म्हणजे ते फिटेल?”

तिला वाटत होतं, तो फेडून मोकळा होतोय. त्याला वाटत होतं, ती कधी मोकळं करणारच नाही. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. मंगलताईंना मी ते तोंडावर सांगितलं : केलेलं चारचौघांत बोलून दाखवलं की समोरच्याला ते ओझंच होतं, आणि ओझं माणूस जमेल तितक्या लवकर खाली ठेवतो. त्यांना राग आला. एक आठवडा त्या आल्या नाहीत.

सुनीलला सांगायची गोष्ट वेगळी होती. मानसशास्त्रज्ञ पॉल पिफ यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना केलेला एक प्रयोग मी त्याला सांगितला. आपल्याकडे मुलं व्यापार खेळतात तसा मोनोपॉलीचा डाव, दोन अनोळखी माणसं. नाणं उडवून त्यातल्या एकाला श्रीमंत ठरवायचं : सुरुवातीला दुप्पट पैसे, फेरी पूर्ण झाली की दुप्पट पगार, आणि एकाऐवजी दोन फासे. डाव उघड उघड एकतर्फी. तरी श्रीमंत खेळाडूंचा आवाज हळूहळू चढत गेला, सोंगटी पटावर जोरात आपटू लागली. आणि शेवटी का जिंकलात असं विचारल्यावर ते आपण कसे डाव टाकले, काय विकत घेतलं हे सांगू लागले. नाण्याची आठवण त्यांच्या बोलण्यात आली नाही.

“माझं नाणं म्हणजे ताईच्या पाटल्या,” सुनील म्हणाला. मी काहीच बोलले नाही. तो पुढे म्हणाला, “मुलाखतींत मी नेहमी सांगतो, शून्यातून उभं केलं. शून्य नव्हतं ते.”

मग मी त्याला एकच काम दिलं. ताईला काही देऊ नका, तिच्याकडे काहीतरी मागा. खोटं, मन राखायला म्हणून नको. ज्याची खरंच गरज आहे आणि जे फक्त तिच्याकडे आहे, असं. तो हसला, मग विचारात पडला. “मला खरंच काही सुचत नाहीये,” तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला तेव्हा पहिल्यांदा भीती दिसली.

इथे दोन गोष्टी मध्येच सांगते, कारण त्या न सांगता हा सल्ला दिला तर कुणाचं तरी नुकसान होईल. पहिली, सगळ्याच घरांत प्रश्न रुसव्याचा नसतो, कधी तो हक्काचा असतो. भावाने हक्कसोडपत्र पुढे केलं आणि ‘नातं टिकावं म्हणून’ बहिणीने न वाचता सही केली, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला, लग्न झालेलं असो वा नसो, मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली तशी दुरुस्ती झाली आहे. चाळीतल्या पागडीच्या खोलीचे नियम वेगळे. तुमचं प्रकरण असं असेल तर आधी वकिलाकडे जा, मग माझ्याकडे या. हक्क मागितला म्हणून जे नातं तुटतं, ते त्या सहीने टिकलं नसतंच. दुसरी गोष्ट उसनवारीची. नातलगाला द्यायचे तर परत आले नाहीत तरी तोंड बघता येईल एवढेच द्या, किंवा रीतसर लिहून, तारीख घालून द्या. सुनीलने तीन लाख मोघम दिले होते. त्यात पैसे गेले आणि बरोबर लहानपणी पतंग उडवलेला आतेभाऊही गेला.

तीन आठवड्यांनी सुनीलचा फोन आला. त्याला मागणं सापडलं होतं. त्याच्या सतरा वर्षांच्या मुलाने विचारलं होतं, आजोबा संपात काय करायचे? आणि सुनीलला सांगता आलं नव्हतं. बाबा पहाटे अंधारात कुठेतरी जायचे, एवढंच त्याला आठवत होतं. आता आईवडील नाहीत. हे माहीत असलेलं जगात एकच माणूस उरलं होतं.

तो भांडुपला गेला. काय झालं ते मला मंगलताईंनी सांगितलं. “स्वयंपाकघरात खालीच बसला. म्हणाला, ताई, बाबा पहाटे कुठे जायचे गं?” वडील दादरच्या भाजीबाजारात पाट्या उचलायला जात होते. मुलांना कळू नये म्हणून गिरणीचा डबा बरोबर घेऊन निघायचे. मंगलताईंना ते माहीत होतं कारण डबा त्या भरायच्या, आणि एकदा बाजारात त्यांनी वडिलांना पाहिलं होतं. चाळीस वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. “सांगू का नको असं झालं. मग सांगितलं. रडला. मी पण. मग भूक लागली म्हणाला.”

त्यांनी कुळथाची पिठी केली, भात लावला. निघताना सुनीलने स्टीलच्या डब्यातून कुळथाचं पीठ मागून नेलं, मुलाला खाऊ घालायचं म्हणून.

पाटल्या अजून लॉकरमध्येच आहेत. त्या ५१,००० रुपयांबद्दल दोघंही अजून बोललेले नाहीत. स्नेहाशी मंगलताईंचं अजून बेताबाताचंच आहे, त्यावर आम्ही काम करतोय.

मागच्या महिन्यात मात्र त्या आल्या आणि पिशवीतून तो स्टीलचा डबा काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. स्नेहाने पाठवला होता, ड्रायव्हरच्या हाती. आत चिकू होते, स्नेहाच्या माहेरचे, डहाणूचे. सात होते, दोन जरा जास्तच पिकलेले.

“खा ना,” मंगलताई म्हणाल्या. “डबा परत पाठवायचाय मला. त्यात काय घालू, ते सुचवा.”