गिव्हअवे (फुकट बक्षिसाची सोडत) जाहीर केला की रातोरात नवी अकाउंटं येतात. भाग कोणाला घेऊ द्यायचा?

तुमच्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर, म्हणजे त्या चॅट अॅपवरच्या ग्रुपवर, तीनेकशे पोरं आहेत. दर महिन्याला गूगल प्लेचं गिफ्ट कार्ड ठेवता आणि कधी तोंड न दाखवलेले लोक येऊन ते जिंकून पसार होतात. म्हणून 'महिन्यात १०० मेसेज टाकतील त्यांनाच एन्ट्री' असं करू का, असं विचारलंय. नका करू. आम्ही ते करून बसलोय.

आमचा सर्व्हर बीजीएमआयचा, म्हणजे मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेमचा. २०२१ च्या जुलैत गेम आला, त्याच पावसाळ्यात सर्व्हर काढला. पोरं बीड, परभणी, लातूरकडची. मेसेजचा नियम लावला त्या आठवड्यात चॅट बघण्यासारखी झाली होती. रात्री अकराला एकजण 'हाय', 'जेवले का', 'मी पण जेवलो' असं स्वतःशीच बोलत बसलेला. पाऊण तासात शंभर पूर्ण. आणि नशीब बघा, कार्ड त्यालाच लागलं.

ते चाललं असतं. पण धारूरकडचा आमचा एक जुना पोरगा आहे, विशीतला. नव्यांना स्प्रे धरायला, म्हणजे सलग गोळ्या झाडताना नेम टिकवायला, शिकवणारा तोच. दसरा झाला की आईबापासोबत ऊसतोडीला जातो, परत येतो तो गुढीपाडव्याच्या आसपास. नोव्हेंबरच्या ड्रॉत बॉटने, म्हणजे मेसेज मोजणाऱ्या प्रोग्रॅमने, त्याला बाहेर काढलं. चार दिवसांनी त्याचा मेसेज आला, "दादा, फडात रेंज नाही. मंग मी ग्रुपातून गेलो का?" काय उत्तर द्यायचं याला? लातूरला नीटच्या क्लासला असलेल्यांचंही तेच. परीक्षा मे महिन्यात, तोवर फोन घरी ठेवलेला.

तेव्हापासून आम्ही बडबड मोजत नाही, माणूस किती जुना ते बघतो. गिव्हअवे जाहीर करायच्या दिवसाआधी ६० दिवस जो सर्व्हरवर आहे त्याला एन्ट्री. मुदत जाहीर करायच्या दिवसापासून मागे मोजा, ड्रॉच्या दिवसापासून नको. नाहीतर लांबची तारीख बघून लोक आजच येऊन बसतात. डिस्कॉर्डवर सदस्यांच्या यादीत कोण कधी आला आणि त्याचं अकाउंट कधीचं, दोन्ही दिसतं. अकाउंटच्या आयडी क्रमांकातच ते बनल्याची वेळ असते, त्यामुळे ती तारीख कोणाला बदलता येत नाही. एकदा एका रात्रीत ३१ जण आले. बघितलं तर २६ अकाउंटं त्याच दोन दिवसांतली. एक भानगड मात्र आहे. कोणी रुसून सर्व्हर सोडला आणि परत आला की त्याची तारीख नव्याने सुरू होते. असे दोन-तीन जण तुम्हालाच हाताने आत घ्यावे लागतील.

अॅडमिन आणि मॉडरेटर बाहेर, हे तर आलंच. मी माझ्या मामाच्या पोरालाही बाहेर ठेवलं. तो दोन महिने बोलत नव्हता. पण त्याला एकदा जरी कार्ड लागलं असतं तरी अख्ख्या परभणीत बोभाटा झाला असता. एकदा जिंकलेला पुढचे तीन ड्रॉ बाहेर बसतो, याला कोणी हरकत घेतली नाही.

पैसे मात्र घेऊ नका. 'वीस-वीस रुपये काढू, मोठं बक्षीस ठेवू' असं कोणीतरी सुचवतंच. पैसे घेऊन चिठ्ठी काढली की ती लॉटरी झाली, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर केंद्राने २०२५ च्या कायद्याने बंदीच आणलीय. आधारचा फोटोही मागू नका. निम्मी पोरं अठराच्या आतली असतात, त्यांची कागदपत्रं आपल्या फोनमध्ये कशाला? आम्ही फक्त जिंकलेल्याचा कॅरेक्टर आयडी (गेममधला त्याचा क्रमांक) विचारतो आणि त्याच्यासोबत एक मॅच खेळतो. दुसऱ्याच्या आयडीवर आलेला पोरगा पाच मिनिटांत कळतो. कार्डचा कोड त्याला एकट्यालाच पाठवायचा. पहिल्या वर्षी मी चॅटवर टाकला होता, जिंकलेला उघडेपर्यंत दुसऱ्याने वापरला. पाचशे रुपये माझ्या खिशातले गेले.

फोन नंबर पडताळल्याशिवाय कोणाला बोलू द्यायचं नाही, अशीही सेटिंग डिस्कॉर्डमध्ये आहे. खोट्या अकाउंटांवर ती चालते, पण आमच्याकडे जमली नाही. एक नंबर एकाच अकाउंटला लागतो आणि कित्येक घरांत फोनच एक. सेलूकडचे दोन सख्खे भाऊ असेच आहेत. दिवसा धाकटा खेळतो, रात्री थोरला. मी दोघांची मिळून एक चिठ्ठी धरतो. आमचा दुसरा मॉडरेटर म्हणतो, माणसं दोन तर चिठ्ठ्या दोन. गेल्या ड्रॉला त्याचं ऐकलं आणि धाकट्याला लागलं. आता थोरला म्हणतो, फोन माझा आहे.