कॅफिन सोसत नाही म्हणून चहा बंद केला आहे. एल-थिअनिन दुसऱ्या कोणत्या पदार्थांतून मिळेल?

जवळजवळ कशातूनच नाही. हे अमिनो आम्ल चहाच्या झाडाच्या मुळांत तयार होतं आणि तिथून कोवळ्या पानांत चढतं. चहाच्याच कुळातल्या काही कॅमेलियांत ते किंचित असतं, आणि बे बोलीट नावाच्या एका रानटी अळिंबीत सापडलं आहे. तेवढ्यावरून ‘मशरूम खा’ असा सल्ला सगळीकडे फिरतो. पण नेहमीच्या बटण मशरूममध्ये असतं ते ग्लुटामेट, म्हणजे दुसरंच अमिनो आम्ल. दोन्ही उमामी (मांसाच्या रश्श्यासारख्या) चवीचे, रेणूही नात्यातले, तरी एकाचं काम दुसरं करत नाही. कॅमोमाइल, जास्वंद, रूइबॉस, गवती चहा हे नावालाच चहा, त्यांत थिअनिन शोधू नका. कॉफीतही ते नसतं.

म्हणून अडचण कॅफिनची असेल तर चहा सोडण्याऐवजी तो करण्याची रीत बदलून पाहा. 5 ग्रॅम ग्रीन टीची पानं अर्धा लिटर गार पाण्यात घालून फ्रिजमध्ये 4 ते 6 तास ठेवा, मग गाळून घ्या. थिअनिन गार पाण्यातही सहज उतरतं. कॅफिन आणि कॅटेचिन नावाची कडवट द्रव्यं त्या मानाने कमी उतरतात. कॅफिन शून्य होत नाही, हे मात्र धरून चाला. अगदीच चालत नसेल तर डीकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेला चहा घ्या. त्यात थिअनिन किती उरतं ते कॅफिन काढण्याच्या पद्धतीवर ठरतं.

माचा, म्हणजे ग्रीन टीच्या पानांची जपानी पूड, तुम्हाला सुचवणार नाही. उन्हात पानातल्या थिअनिनचा वापर कॅटेचिनं बनण्यात होतो, म्हणून माचा आणि ग्योकुरो या जपानी ग्रीन टीची झुडपं तोडणीआधी साधारण 3 आठवडे सावलीत झाकतात. थिअनिन टिकतं, पण या कोवळ्या पानांत कॅफिनही भरपूर असतं, आणि माचाची तर सगळी पूडच पोटात जाते.

आता हिशेब. वाळलेल्या पानात थिअनिन साधारण 1 ते 2 टक्के. कपाला 2 ग्रॅम पानं धरली तर पानांतच 20 ते 40 मिलिग्रॅम, कपात त्याहून कमी. प्रयोगांत बहुधा 100 ते 200 मिलिग्रॅम एका वेळी देतात. तेवढं चहातून गाठायला गेलात तर कॅफिन आधी झोप उडवील. तो आकडा हवाच असेल तर कॅप्सूलच घ्यावी लागेल. लेबलवर नुसतं ‘थिअनिन’ नको, ‘एल-थिअनिन’ पाहा. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण दोन्हींचा परिणाम वाढू शकतो.